मनगटावर टिकणारा फिटनेस बँड: निवड, जोडणी आणि चौदा महिन्यांचा वापर

माझा पहिला फिटनेस बँड पाच महिन्यांत टेबलाच्या खणात जाऊन पडला. तो बिघडला नव्हता, आणि पेटीवर छापलेल्या लांबलचक यादीतले जवळपास सगळे त्याला येतही होते. अडचण इतकीच होती की त्याची बॅटरी दीड दिवसात उतरत असे. रात्री चार्जिंगला लावला तर झोपेची नोंद बुडे, सकाळी लावला तर फिरण्याची, आणि तो कधी लावावा याचा रोज विचार करावा लागणे हाच मुळात एक जाच होता. चार्जिंगची क्लिप पाठीमागच्या दोन धातूच्या ठिपक्यांवर नेमकी बसली नाही, तर सकाळी बँड रात्रीइतकाच रिकामा सापडे. एके दिवशी तो खणात ठेवला आणि तीन आठवड्यांनी लक्षात आले की मधल्या काळात आपल्याला त्याची आठवणही झालेली नाही.

दुसरा बँड घेऊन आता चौदा महिने झाले आहेत आणि तो अजून मनगटावर आहे. हे परीक्षण त्या दोन बँडांच्या वापरातून लिहिले आहे. उत्पादनांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत, कारण मॉडेले वर्षभरात बदलतात आणि मला जे म्हणायचे आहे ते एखाद्या कंपनीपुरते नाही. पेटीवरची यादी किती लांब आहे, यापेक्षा ते उपकरण दिवसाचे तेवीस तास अंगावर राहू शकते का, हा प्रश्न निवडताना आधी विचारायला हवा. नोंद सलग नसेल तर आतला सेन्सर कितीही चांगला असला तरी त्याचा उपयोग फारसा होत नाही.

म्हणून दुसऱ्या वेळी मी बॅटरीपासून सुरुवात केली. इथे पेटीवरच्या आकड्याचा अर्थ लावावा लागतो. ‘चौदा दिवस’ असे छापलेले असते तेव्हा ठोके बऱ्याच अंतराने मोजले जात आहेत, रक्तातील ऑक्सिजनची मोजणी बंद आहे, स्क्रीन सतत चालू नाही आणि नोटिफिकेशनही मोजकीच येत आहेत, असे बहुधा गृहीत धरलेले असते. मी ठोक्यांची मोजणी सतत चालू ठेवली, झोपेची सविस्तर नोंद सुरू केली आणि आठवड्यातून चार वेळा व्यायामाची नोंद घेतली, तेव्हा चौदाचे आठ दिवस झाले. आठ दिवसही पुरेसे आहेत. रविवारी सकाळी अंघोळीच्या वेळेला बँड चार्जिंगला लावायचा आणि आवरून झाले की परत घालायचा, एवढ्यात ते काम भागते आणि नोंदीत जेमतेम तासभराची फट पडते. ज्यांना स्क्रीन सतत उजळलेली हवी असते, त्यांनी मात्र हा हिशेब जवळपास निम्म्यावर आणूनच निवड करावी.

वजन आणि पट्टा यांकडे दुकानात कोणी फारसे पाहत नाही, कारण तिथे बँड दोन मिनिटे हातावर राहतो. खरी परीक्षा रात्री कुशीवर वळताना होते. माझा पहिला बँड जाड होता आणि त्याची कड मनगटाच्या हाडावर रुतत असे. दुसरा चपटा आहे आणि तो घातला आहे हे मी विसरून जाते. पट्टा सहज बदलता येतो का आणि तो प्रमाणित रुंदीचा आहे का, हेही पाहून घ्यावे. बँडच्या आधी पट्टा जातो, हा माझा अनुभव आहे. दुसऱ्या बँडच्या पट्ट्याची खीळ सातव्या महिन्यात तुटली. विक्रेत्याच्या ग्राहकसेवेशी तीन वेळा पत्रव्यवहार केल्यावर पट्टा हमीत येत नाही असे उत्तर मिळाले. ते उत्तर पहिल्याच पत्रात मिळाले असते तर माझी तक्रार नव्हती. मग मी नायलॉनचा विणलेला पट्टा वेगळा घेतला आणि आता वाटते की तो पहिल्या दिवसापासूनच घ्यायला हवा होता.

जीपीएसच्या बाबतीत जाहिरातीतला एक शब्द नीट वाचावा लागतो. काही बँडांत स्वतःचा जीपीएस असतो, तर काही बँड फोनचा जीपीएस उसना घेतात. दुसऱ्या प्रकारात फोन घरी ठेवून धावायला गेलात तर रस्त्याचा नकाशा उमटत नाही आणि अंतर केवळ पावलांवरून अंदाजाने काढले जाते. मी फोन बरोबर ठेवते, त्यामुळे उसन्या जीपीएसवर माझे भागते, शिवाय बॅटरीही वाचते. रोज एकट्याने लांब धावणाऱ्या माणसाने मात्र स्वतःचा जीपीएस असलेलेच उपकरण घ्यावे. तिथे काटकसर करून उपयोग नाही.

पाण्याच्या बाबतीत ‘५ एटीएम’ किंवा ‘५० मीटर’ असे लिहिलेले असते. याचा अर्थ बँड घालून पन्नास मीटर खोल सूर मारता येतो असा नाही. तेवढ्या खोलीवरच्या स्थिर पाण्याइतका दाब उपकरणाने चाचणीत सोसला आहे, असा आहे. पोहण्याला ते पुरते. गरम वाफ, साबण आणि शाम्पू मात्र आतल्या रबरी कड्यांना हळूहळू निकामी करतात, म्हणून मी तलावात बँड घालते आणि अंघोळीला काढते. ऐकायला हे उलटे वाटते खरे.

आता सेन्सरकडे येते. बँड काढून उलटा धरला तर पाठीवर हिरवे दिवे लुकलुकताना दिसतात. अंधाऱ्या खोलीत पट्टा जरा सैल असेल तर चादरीवर त्यांचा हिरवा कवडसा पडतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त वाढते आणि ओसरते. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषून घेते, त्यामुळे त्वचेवरून परत येणारा प्रकाश त्याच तालात कमीजास्त होतो. दिव्यांशेजारचा प्रकाशग्राहक हा चढउतार टिपतो आणि त्यावरून ठोके मोजले जातात. म्हणजे बँड हृदय मोजत नसतो, हृदयापासून हातभर लांब असलेल्या त्वचेचा उजेड मोजत असतो. छातीवर बांधायचा पट्टा हृदयाचे विद्युतसंकेत थेट टिपतो. फिनलंडच्या पोलर कंपनीने १९८२ मध्ये असे संकेत मनगटावरच्या घड्याळाकडे बिनतारी पाठवणारे उपकरण विक्रीला आणले होते, आणि जोरकस व्यायामात ठोक्यांचा अचूक आकडा हवा असेल तर आजही छातीवरचा पट्टाच सरस ठरतो.

उजेड मोजला जातो हे एकदा समजले की बँड कुठे चुकणार, याचा अंदाज आपोआप येतो. पट्टा सैल असेल तर बाहेरचा प्रकाश आत शिरतो. थंडीत रक्तवाहिन्या आकसल्या की संकेत क्षीण होतो. मनगटावर गडद गोंदण असेल तर शाई प्रकाश अडवते. वजने उचलताना मनगट मुडपले की रक्ताचा प्रवाहच बदलतो. सगळ्यांत फसवी चूक धावताना होते. पाय आपटण्याचा ताल आणि नाडीचा ताल यांत सेन्सरची गल्लत होते आणि तो पावलांनाच ठोके समजून मोजू लागतो. दुसऱ्याच आठवड्यात संथ धावताना बँडवर १६८ दिसले, तेव्हा मी दचकून थांबले, मानेवर दोन बोटे ठेवली आणि पंधरा सेकंद मोजले: ३३ ठोके, म्हणजे मिनिटाला १३२. माझी पावले त्या वेळी मिनिटाला जवळजवळ १६८च पडत होती. पट्टा एक भोक घट्ट केला आणि बँड मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर सरकवला, तेव्हा पुढच्या फेरीत दोन्ही आकडे चार-पाच ठोक्यांच्या फरकाने जुळू लागले.

ही बँड वर सरकवण्याची गोष्ट सूचनापुस्तिकेत एका ओळीत उरकलेली असते. माझ्या मते सगळ्या मांडणीत तिच्याइतकी महत्त्वाची दुसरी सूचना नाही. दिवसभर बँड सैलसर, म्हणजे पट्ट्याखालून करंगळी जाईल एवढा, ठेवावा. व्यायामाच्या वेळी तो हाडाच्या वर नेऊन एक भोक आवळावा. आणि व्यायाम संपला की आठवणीने पुन्हा सैल करावा. शेवटचे मी विसरत असे आणि त्याचे फळ म्हणून तिसऱ्या महिन्यात बँडखाली लालसर पुरळ उठले. सुरुवातीला मला सिलिकॉनची ॲलर्जी वाटली, पण कारण साधे होते: घाम आणि साबणाचे पाणी पट्ट्याखाली अडकून त्वचा ओली राहत होती. दोन दिवस बँड दुसऱ्या हातात घातला, पट्टा रोज साध्या पाण्याने धुऊन कोरडा करू लागले आणि पुरळ गेले. पुरळ गेले नाही तर बक्कलेतल्या निकेलसारख्या धातूचा संशय घ्यावा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

जोडणीबद्दल सविस्तर लिहिते, कारण बहुतेक तक्रारींचे मूळ पहिल्या अर्ध्या तासात असते. बँड पेटीतून काढला की लगेच हातावर चढवण्याचा मोह होतो. तो आवरून आधी पूर्ण चार्ज करावा. मग फोनवर कंपनीचे ॲप घेऊन त्या ॲपमधूनच जोडणी करावी. अनेक जण फोनच्या ब्लूटूथच्या यादीत जाऊन बँड शोधतात आणि तिथून जोडतात. अशा वेळी फोनला बँड दिसतो, पण ॲपला दिसत नाही, आणि माणूस तासभर दोघांना दोष देत बसतो. मीही बसले होते. जोडणी झाल्यावर बँड बहुधा अपडेट मागतो. ते अपडेट पूर्ण होईपर्यंत फोन जवळ ठेवावा आणि मध्येच ॲप बंद करू नये.

अँड्रॉइड फोनवर ब्लूटूथच्या जोडणीसाठी ॲप ‘लोकेशन’ची परवानगी मागते, तेव्हा अनेकांना संशय येतो. संशय रास्त आहे, पण अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्त्यांत ब्लूटूथने आसपासची उपकरणे शोधायची तर ती परवानगी लागतच असे. बाराव्या आवृत्तीपासून त्यासाठी ‘जवळपासची उपकरणे’ ही वेगळी परवानगी आली. तेव्हा फोन नवा असेल आणि जीपीएसचा नकाशा नको असेल, तर लोकेशन नाकारून पाहायला हरकत नाही. संपर्कयादी, संदेश आणि मायक्रोफोन यांच्या परवानग्या मी सरसकट नाकारल्या. फक्त फोन वाजला की बँड थरथरावा, एवढ्यापुरती कॉलची परवानगी नंतर दिली.

यानंतरची अडचण ज्यांना ठाऊक नसते, ते बँड सदोष आहे असे समजून परत करतात. फोनची बॅटरी वाचवणारी व्यवस्था पडद्याआड चालणारी ॲपे परस्पर बंद करते. बँडचे ॲप असे बंद पडले की नोटिफिकेशन थांबतात, सकाळी झोपेची नोंद दिसत नाही आणि ‘जोडणी तुटली’ असा संदेश येतो. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन बँडच्या ॲपला बॅटरीच्या निर्बंधातून सूट दिली की हे थांबते. माझ्या दुसऱ्या बँडची पहिल्या आठवड्यातली सहा वेळा तुटलेली जोडणी या एका बदलानंतर महिनाभर तुटली नाही.

वैयक्तिक माहिती भरताना अंदाजे आकडे टाकू नयेत. जन्मवर्ष, उंची, वजन आणि लिंग यांवरून ॲप पुढचे सगळे हिशेब मांडते, आणि बँड कोणत्या हातात आहे हे चुकीचे सांगितले तर पावलांची मोजणी बिघडू शकते. बँड शक्यतो लिहिण्याच्या नसलेल्या हातात घालावा. एका पावलाची लांबी ॲप स्वतःच उंचीवरून धरते, उंचीच्या साधारण ०.४१ पट. माझी उंची १५८ सेंटिमीटर, म्हणजे पाऊल ६५ सेंटिमीटरचे. मी ४०० मीटरच्या धावपट्टीवर सगळ्यांत आतल्या मार्गिकेतून एक फेरी नेहमीच्या चालीने चालले, तेव्हा ५८८ पावले पडली; म्हणजे खरे पाऊल ६८ सेंटिमीटरचे निघाले. ॲपच्या हिशेबाने तीच फेरी ३८२ मीटरची झाली असती. अठरा मीटर काही फार नाहीत, पण फरक दर फेरीला साचत जातो आणि सेटिंगमध्ये एक आकडा बदलला की तो सुटतो.

पावलांची मोजणी तपासायला मी खिशात दहा खडे ठेवले आणि दर शंभर पावलांना एक खडा डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकत गेले. हात मोकळे सोडून चालले तेव्हा हजार पावलांना बँडने ९८४ दाखवली, ही तक्रार करण्याजोगी गोष्ट नाही. दुकानातली ढकलगाडी ढकलत मात्र तेवढीच पावले चालले, तेव्हा त्याने ३४० मोजली, कारण बँडमधला सेन्सर पाय पाहत नाही, हाताचा झोका पाहतो, आणि दांडा धरलेला हात झोके घेत नाही. याउलट खडबडीत रस्त्यावरून वाहनातून जाताना आणि गालिचा झटकताना मी दोन-अडीचशे पावले न चालता कमावली. बाळाची गाडी ढकलणाऱ्या आईला किंवा काठी टेकत चालणाऱ्या आजोबांना बँड सतत कमी पावले दाखवणार, हे त्यांना आधी सांगून ठेवले पाहिजे. नाही तर ती बिचारी उगाच खट्टू होतात.

जोडणीच्या शेवटी ॲप दिवसाचे ध्येय विचारते आणि दहा हजार पावले आधीच भरून ठेवते. हा आकडा कोणा वैद्याने घालून दिलेला नाही. १९६५ मध्ये यामासा या जपानी कंपनीने ‘मानपो-केई’ नावाचे पावले मोजणारे यंत्र विकायला आणले. त्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलांचे मापक’ असा होतो, आणि तो गोल आकडा पुढे जगभर रुजला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सरासरी ७२ वर्षे वयाच्या सोळा हजारांहून अधिक स्त्रियांची पावले मोजली गेली. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले, आणि सुमारे ७,५०० पावलांपुढे फरक फारसा वाढत नव्हता. त्यात यंत्र कमरेला बांधलेले होते, मनगटाला नव्हे. म्हणून मी पहिले दोन आठवडे कोणतेच ध्येय न ठेवता नेहमीसारखी वागले. सरासरी ५,२०० आली आणि मी ध्येय ६,००० ठेवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात पावलांचा आकडा नाहीच. तिथे प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाच्या हालचाली सांगितल्या आहेत. ज्या ॲपांत आठवड्याची मिनिटे दिसतात, ती मला अधिक शहाणी वाटतात, कारण रमतगमत दहा हजार पावले टाकणे आणि दम लागेल असे अर्धा तास चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मिनिटे मोजायची तर ठोक्यांच्या पातळ्या ठरवाव्या लागतात आणि बहुतेक ॲपे ‘२२० वजा वय’ या सूत्राने कमाल ठोके काढतात. ते सूत्र ढोबळ आहे. २००१ मध्ये सुचवलेले दुसरे सूत्र ‘२०८ वजा वयाच्या ०.७ पट’ असे आहे. माझ्या ४६ व्या वर्षी दोन्हींत दोनच ठोक्यांचा फरक पडतो, पण माझ्या आईच्या ६८ व्या वर्षी एक सूत्र १५२ सांगते आणि दुसरे १६०. ॲप हा आकडा हाताने बदलू देत असेल तर बदलावा. हृदयासाठी औषधे चालू असतील तर मात्र डॉक्टरांना विचारूनच, कारण काही औषधे ठोके वाढूच देत नाहीत आणि मग दोन्ही सूत्रे निरर्थक ठरतात.

कॅलरीच्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये साठ स्वयंसेवकांवर सात उपकरणे तपासली, तेव्हा ठोक्यांच्या बाबतीत सातांपैकी सहांची चूक पाच टक्क्यांच्या आत होती. कॅलरीच्या बाबतीत मात्र सगळ्यांत चांगले उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले आणि सगळ्यांत वाईट ९३ टक्क्यांनी. त्यानंतर उपकरणे सुधारली आहेत, पण मूळ अडचण तीच आहे: बँडला तुमचा श्वास मोजता येत नाही, म्हणून तो ठोके, वजन आणि वय यांवरून अंदाज बांधतो. त्यात आणखी एक मेख आहे. काही ॲपे स्वस्थ बसल्यावरही खर्च होणारी ऊर्जा धरून एकूण आकडा दाखवतात, काही फक्त हालचालीचा. साठ किलोच्या माणसाला नुसते बसल्यावरही ताशी साधारण साठ किलोकॅलरी लागतात. तेव्हा अर्ध्या तासाच्या चालण्याला दाखवलेल्या १३० मधल्या तीस तो बसून राहिला असता तरी खर्च झाल्या असत्या. या आकड्याच्या भरवशावर जेवणात एक पदार्थ वाढवून घेणे धाडसाचे आहे.

रक्तातील ऑक्सिजनसाठी बँड लाल आणि अवरक्त प्रकाश वापरतो. रुग्णालयात बोटाला लावतात त्या यंत्रात प्रकाश बोटातून आरपार जातो. मनगटावर तो परत फिरून येतो आणि संकेत दुबळा असतो. शिवाय त्वचेच्या रंगाचा प्रश्न आहे: २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात रुग्णालयातली बोटावरची यंत्रेसुद्धा गडद त्वचेच्या रुग्णांतील ऑक्सिजनची कमतरता गोऱ्या रुग्णांच्या मानाने जवळपास तिप्पट वेळा चुकवताना आढळली. मी ही सोय बंद ठेवली आहे. आणि सुई न टोचता रक्तातील साखर मोजण्याचा दावा करणारे घड्याळ किंवा अंगठी दिसली तर ती सरळ बाजूला ठेवावी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा उपकरणांविरुद्ध स्पष्ट इशारा दिला होता, कारण चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन घेतले तर ते जिवावर बेतू शकते.

झोपेच्या नोंदीवर माझे मत दोनदा बदलले. प्रयोगशाळेत झोप तपासताना डोक्याला तारा लावून मेंदूचे विद्युतसंकेत टिपतात. बँडकडे फक्त हालचाल आणि ठोके असतात. किती वाजता झोपलो आणि उठलो हे तो बरे सांगतो, पण अंथरुणात स्वस्थ पडून पुस्तक वाचले तरी तो ती झोप समजतो, आणि गाढ झोप, स्वप्नांची झोप अशा रंगीत पट्ट्या दाखवतो त्या अंदाजाच्या असतात. मी काही दिवस आईला माझा बँड रात्री घालायला दिला होता. सकाळी ती चहा घेता घेता म्हणाली, “अगं, हे म्हणतंय मी गाढ अशी बावीस मिनिटंच झोपले. मला तर मस्त झोप लागली होती.” मी म्हटले, “आई, तुला बरं वाटतंय ना? मग झालं.” पण दुपारपर्यंत तिला थकल्यासारखे वाटू लागले होते. झोपेचे आकडे अचूक जुळवण्याच्या नादात झोपच बिघडण्याला २०१७ मध्ये संशोधकांनी ‘ऑर्थोसोम्निया’ असे नावही दिले आहे. तेव्हापासून मी पट्ट्यांचा तक्ता उघडत नाही, फक्त झोपण्या-उठण्याच्या वेळा पाहते.

मग बँड कशासाठी ठेवला आहे? विश्रांतीतील ठोक्यांसाठी. हा आकडा सतत आणि बहुतांशी मी स्वस्थ असताना मोजला जातो, त्यामुळे सेन्सरच्या चुका तिथे सगळ्यांत कमी होतात, आणि त्याची तुलना माझ्या कालच्या आकड्याशी करायची असते, दुसऱ्या कोणाशी नाही. पहिल्या महिन्यात माझी सरासरी ७१ होती. नियमित चालणे आणि थोडे धावणे सुरू झाल्यावर नवव्या महिन्यापर्यंत ती ६५ वर आली. मधे एकदा ती अचानक ७८ झाली, आणि त्याच संध्याकाळी मला ताप भरला. बँडने ताप ओळखला असे मी म्हणणार नाही. पण आठ महिन्यांची सलग नोंद मागे होती, म्हणून ते ७८ वेगळे दिसले. पहिल्या बँडच्या फाटक्या नोंदीत ते बेमालूम मिसळून गेले असते.

खासगीपणाबद्दल थोडक्यात. व्यायामाचे नकाशे आपोआप सर्वांना दिसतील अशी सेटिंग असेल तर ती पहिल्याच दिवशी बदलावी. स्ट्राव्हा या ॲपने वापरकर्त्यांच्या धावण्याचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला, तेव्हा जानेवारी २०१८ मध्ये त्यातून लष्करी तळांच्या वाटाही उघड झाल्याचे लक्षात आले. सैनिकांचे तळ दिसतात, तर घराचे दार दिसायला कितीसा वेळ लागतो? स्वतःची नोंद फाइलच्या रूपात उतरवून घेता येते का, हेही घेण्याआधी पाहावे. माझ्या पहिल्या बँडच्या ॲपमध्ये ती सोय नव्हती आणि पाच महिन्यांची नोंद तिथेच राहिली.

तो पहिला बँड मी अलीकडे खणातून काढला. आधी तो माझ्या खात्यातून काढून टाकावा लागला. नुसते ॲप पुसून भागत नाही, जुन्या खात्याशी बांधलेला बँड नव्या फोनला जुमानत नाही. मग त्यातली सगळी माहिती पुसून तो आईच्या फोनला जोडला, पावलांचे ध्येय ४,००० ठेवले, कॉल सोडून सगळी नोटिफिकेशन बंद केली, आणि पडद्यावर वेळ व पावले एवढेच मोठ्या अक्षरांत राहू दिले. त्याचा पडदा माझ्या बँडपेक्षा मोठा आणि उजळ आहे, आणि तिला तो चश्म्याशिवाय वाचता येतो. झोपेची नोंद तिला नकोच आहे. रोज रात्री ती बँड काढते, क्लिप त्या दोन ठिपक्यांवर बसवते, छोटा दिवा लागलेला पाहते आणि चश्म्याशेजारी ठेवून देते. दीड दिवसाची बॅटरी तिला कधी कमी पडलेली नाही.